दोन नळ्या, दोन टोपणं

कामिसावा,
११ नोव्हेंबर १९९८

ती. तेत्सुरोदादास,

सा. न. वि. वि. एवढं लिहिलं, पुढचं रीतीचं आज सुचत नाही. दोन रात्री मी झोपलेले नाही. चिगुसाला भाजलंय आणि ते माझ्या हातून झालं. हातून कसलं, पायातून.

सोमवारी संध्याकाळी तिला आंघोळ घालायची होती. सासूबाई गावच्या हॉलमध्ये गेल्या होत्या, हिदेआकि कामावरून यायचा होता. टबाखालचा गॅस मीच पेटवला. नेहमीसारखी काठावर बसले, दोन्ही पाय पाण्यात सोडले, वीसपर्यंत मोजलं. पाणी कोमट लागलं. कोमटसुद्धा नाही, काहीच लागलं नाही म्हण. मग चिगुसाला काखेत धरून पायांकडून सोडली. ती किंचाळली. मला वाटलं, हट्ट करतेय, हल्ली दहा महिन्यांची झाल्यापासून करते तशी. दादा, मी तिला अजून खाली नेलं. गप गं, पाणी छान आहे, असं म्हणत खाली नेलं. मग माझं मनगट पाण्याला लागलं आणि हात आपोआप मागे आला. तिला उचललं, बाहेर पळाले. पण पळेपर्यंत माझे पाय तिथंच होते, त्याच पाण्यात, मजेत.

तिचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत लाल झालेत, डाव्यावर फोड आहेत. डॉक्टर म्हणाले, डाग राहणार नाही. माझेही पाय भाजलेत, पण ते मला दुसऱ्या दिवशी मोजे काढताना दिसले. कातडं मोज्याबरोबर आलं. दुखलं नाही.

सासूबाई म्हणाल्या, की त्यांनी तीन पोरं याच टबात वाढवली, एकालाही कधी चटका बसला नाही, हल्लीच्या आया पाणी बघतात की टीव्ही? मी काय सांगणार? टीव्ही बघत होते म्हणाले असते तरी बरं झालं असतं.

तुला बाबांची टाच आठवते? कोतात्सुच्या मेजावरच्या रजईत पाय घालून बसले होते, निखाऱ्याला टाच लागली, आणि आईला आधी वास आला. बाबा विचारत होते, की मासा कोण भाजतंय. आपण दोघं हसलो होतो. मी आठ वर्षांची होते.

पाच वर्षांपूर्वी तू तुझ्या त्या मोठ्या चुंबकात माझं रक्त बघितलंस आणि सांगितलंस, की बाबांचं ते माझ्यात नाही, मी साफ आहे. तू सांगितलंस म्हणून मी लग्न केलं. तू सांगितलंस म्हणून चिगुसा झाली. आता मला एवढंच सांग, तुझं यंत्र चुकतं का?

कदाचित थंडीनंही असेल. लोणच्याच्या कारखान्यात दिवसभर बर्फासारख्या पाण्यात उभं राहून पालेभाजी धुते, रबरी बुटात पाय बधिर होतात, बाकीच्या बायकांचेही होतात. तसंच असेल ना? तसंच आहे असं लिही.

फोन करू नकोस. फोन सासूबाईंच्या खोलीत आहे आणि बाबा कशानं गेले ते इथं कोणालाच ठाऊक नाही. मी हृदय असं सांगितलंय. पत्र कारखान्याच्या पत्त्यावर टाक.

तुझ्यावर भार टाकून बसलेली,
सुमी

---

ओसाका,
२० नोव्हेंबर १९९८

चि. सौ. सुमिए हीस,

तेत्सुरोचे अनेक आशीर्वाद, आणि त्यातले निम्मे चिगुसाच्या पायांना. फोडांवर मिसो-बिसो काही चोपडू नकोस. गावातल्या आज्या सांगतील, ऐकू नकोस.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. यंत्र चुकत नाही, सुमी. माणसं चुकतात. तू पहिल्यापासून घाबरट. दुसरीत असताना गांधीलमाशी चावली तेव्हा तू तुझ्या रंगीत खडूंची वाटणी लिहून ठेवली होतीस, मला फक्त तपकिरी. हे त्यातलंच आहे. उभ्या उभ्या दहा तास थंड पाण्यात काम केलं की कोणाच्याही पायाची जाणीव जाते. दोन दोन मोजे घाल. हिवाळ्यापुरतं पॅकिंगला बदलून घे.

तरी तुझ्या समाधानासाठी पुन्हा सांगतो, कारण मागे सांगितलं तेव्हा तू निकाल ऐकून रडत होतीस, बाकी काही ऐकलं नाहीस. बाबांच्या आजारात यकृत एक प्रोटीन बनवतं ते किंचित वेगळं निघतं. त्याचे चार तुकडे असतात, चार भावंडांनी हात धरून फेर धरावा तसे. निरोगी माणसात ते हात सुटत नाहीत. बाबांच्यात सुटायचे, आणि सुटलेले तुकडे जाऊन नसांमध्ये साचायचे, पायांपासून सुरुवात. गंमत अशी, की नुसता फोटो काढला तर दोन्ही जातींची प्रोटीनं सारखीच दिसतात. फोटोत माणूस उभा असतो, तो लंगडतो का ते फोटोवरून कळत नाही. म्हणून आम्हाला त्याचं हलणं बघावं लागतं, आणि ते बघायला हे चुंबक. नळी आत ठेवायची, प्रोटीनला रेडिओच्या लहरींनी हलकेच टिचकी मारायची, आणि ते काय उत्तर देतं ते ऐकायचं. कागदावर त्याची शिखरं उमटतात. माझी दहा वर्षं यातच गेली. बिघडलेलं प्रोटीन जास्त हलतं असं नाही, भलत्या जागी हलतं, एवढंच आजवर कळलंय.

तुझी-माझी तपासणी तर याहून सोपी होती. बाबांच्या जातीच्या प्रोटीनला एक शिखर जास्त असतं. तुझ्या नळीत ते नव्हतं. माझ्या नळीत होतं, स्वच्छ, डोंगरासारखं. त्यात शंकेला जागा नाही.

मी कुढत नाही, तू काळजी करू नकोस. साएकोशी ठरलेलं लग्न मी मोडलं ते योग्यच झालं. रोज सकाळी उठलो की पायाच्या अंगठ्याला टाचणी टोचून बघतो. अजून दुखतं. माझा आजार सरकारी बाबूसारखा दिसतोय, उशिरानं येणार. तोवर काम उरकून घेतो.

इस्पितळात जाऊ नकोस. एकदा कागदावर त्या आजाराचं नाव पडलं की ते पुसत नाही, आणि कामिसावासारख्या गावात कागदाला पाय फुटतात. म्हणून तर मी तुझं रक्त परक्या हातात दिलं नव्हतं.

चिगुसाला मामाच्या नावानं एक संत्रं सोलून दे.

तुझ्या रंगीत खडूंवर अजून हक्क सांगणारा,
तेत्सुरो

---

कामिसावा,
९ डिसेंबर १९९८

ती. दादास,

सा. न. तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्या दोन वेळा बरं वाटलं.

तू सांगितलंस तसे दोन दोन मोजे घातले. पॅकिंगला बदलून घेतलं, तिथं शेगडी आहे. दोन आठवडे पाय ओले केले नाहीत. रविवारी स्वयंपाकघरातून न्हाणीकडे गेले, तिथून अंगणात, कपडे वाळत घातले, परत आले. हिदेआकि दारात उभा राहून हसत होता. माझी एक चप्पल स्वयंपाकघरात होती, मी एकाच चपलेनं अख्खं घर फिरून आले होते. तो म्हणाला, की बायकोच्या डोक्यातून एक स्क्रू पडलेला त्याला ठाऊक होता, आता चप्पलही पडायला लागली. मी पण हसले. मग न्हाणीत जाऊन दार लावून घेतलं.

तुझ्या पत्रातली टाचणी डोक्यातून जात नव्हती. शिवणाच्या डब्यातली एक घेतली. अंगठ्याला टोचली. अजून टोचली. रक्ताचा थेंब आला तेव्हा कळलं, की आत गेलीय.

दादा, मी शाळा नववीनंतर सोडली. तुझं प्रोटीन मला कळत नाही. पण एवढं कळतं, की ज्याला आजार आहे त्याला टोचलं तर दुखतं, आणि जी साफ आहे तिला दुखत नाही. हे उलटं आहे.

आता जे लिहितेय ते पाच वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं.

त्या जुलैच्या रविवारी मी वांगं भरलेल्या ओयाकी घेऊन तुझ्या प्रयोगशाळेत आले होते. आठवडाभर तू आपल्या दोघांच्या रक्तातून ते प्रोटीन वेगळं करत बसला होतास. आत शिरायच्या आधी तू माझं घड्याळ, पट्टा आणि केसातल्या सगळ्या पिना काढून घेतल्यास, म्हणालास, की चुंबक पिना ओढून घेईल आणि सोबत डोकंही. मी केस मोकळे सोडून उभी होते. टेबलावर दोन बारीक काचेच्या नळ्या होत्या, आपापल्या नावांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. त्या चिठ्ठ्या तू खरवडून काढल्यास. मी विचारलं, तेव्हा म्हणालास, की नळी आत भोवऱ्यासारखी फिरते, कागदाचा कपटा असला तरी डुगडुगते, म्हणून खूण फक्त टोपणावर ठेवायची. निळ्या टोपणावर एक ठिपका म्हणजे तू, दोन ठिपके म्हणजे मी. मग नळ्यांतला बुडबुडा काढायला तू टोपणं काढलीस आणि माझ्या हातात दिलीस, एक डाव्या, एक उजव्या. म्हणालास, अशीच धर, हलू नकोस.

तेवढ्यात बाहेर फोन वाजला. साएकोताईचा होता, तू पळत गेलास आणि बराच वेळ बोललास. माझे केस डोळ्यांवर येत होते. मी दोन्ही टोपणं एका मुठीत घेतली आणि केस मागे केले. नंतर कुठलं कुठल्या हातात होतं ते मला आठवेना. तू यायला उशीर लावलास. नळ्यांत धूळ जाईल म्हणून मी आपणच टोपणं लावून टाकली, एक इकडे, एक तिकडे. तू आलास आणि शाबास म्हणालास.

मला वाटलं होतं, दोन्ही आपल्याच घरच्या नळ्या, काय फरक पडतो?

असं म्हणू नकोस, की मला तेव्हा कळलं नाही म्हणून मी निर्दोष. मला नंतर कळलं होतं. तू लग्न मोडलंस आणि साएकोताईनं अंगठी परत पाठवली असं कळवलंस ना, त्या दिवशी भांडी घासताना मला ती मूठ आठवली. हातातला वाडगा तसाच राहिला. तुला लिहायला बसलेही. पण लिहिलं असतं तर तू पुन्हा बघितलं असतंस, आणि मग माझं साफ असणं गेलं असतं. हिदेआकिच्या घरून तेव्हाच विचारणा आली होती. मी स्वतःला सांगितलं, की बरोबरच लावली असतील, निम्मी शक्यता तर आहेच. मी कागद चुलीत घातला.

आता तुझं रक्त पुन्हा बघ. माझं नको, तुझं.

तुला दादा म्हणायला लाजणारी,
सुमी

---

ओसाका,
२४ डिसेंबर १९९८

चि. सुमीस,

आशीर्वाद.

रविवारी बघितलं. स्वतःचं ताजं रक्त घेतलं, प्रोटीन वेगळं केलं, आणि या वेळी शेजारच्या टेबलावरच्या माणसाला माझ्या डोक्यावर उभं केलं, की प्रत्येक नळी कोणाची ते त्यानं मोठ्यानं म्हणावं. दोनदा मोजलं. सोमवारी तिसऱ्यांदा. ते जास्तीचं शिखर नाही.

मी साफ आहे.

हे वाक्य लिहून झाल्यावर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्या दोन नळ्यांपैकी एकीत ते शिखर होतं, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. माझ्या नळीत नव्हतं, तर मग कोणाच्या, हे मी तुला लिहून सांगायची गरज नाही. टाचणीनं तुला आधीच सांगितलंय.

तुझ्यावर राग आला. खोटं बोलत नाही. एक पूर्ण दिवस आला. गेल्या वसंतात साएको स्टेशनवर दिसली होती, एक पोर पाठीवर, एक हाताशी. तिनं वाकून नमस्कार केला, मीही केला, आणि गाडी आली. ते आठवून राग आला. मग राग उतरला आणि खाली काय उरलं ते दिसलं.

लेबल काढलेल्या नळीचं टोपण दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवतो. चुकलं तर आठवडाभर नळ्या धुवायला लावतो. परक्यांचं प्रत्येक मोजमाप मी तीनदा करतो. घरचं एकदाच केलं. का, ते तुला सांगतो, आजवर कोणाला सांगितलं नाही. ते शिखर बघितल्यावर पुन्हा बघायची माझी हिंमत झाली नाही. आणि त्यातही, देवाशप्पथ, बरं वाटलं होतं, की तुझ्यात नाही, माझ्यात आहे. मोठ्या भावाला शोभेसं वाटलं. त्या शोभेपायी तपासायचं राहिलं.

पाच वर्षं रोज सकाळी माझा अंगठा मला सांगत होता, की दुखतंय, दुखतंय. मी यंत्राचं ऐकलं, अंगठ्याचं ऐकलं नाही. हलणं बघून माणसाचं दुखणं ओळखणारा म्हणे मी! आणि बहिणीनं पाय भाजला असं लिहिल्यावर तिला मोजे घालायला सांगितले, आणि वर इस्पितळात जाऊ नकोस म्हणालो. ते वाक्य मागे घेता येत नाही. याच आठवड्यात इस्पितळात जा. खेड्यातल्या नको, शहरातल्या मोठ्या. बाबांचं सगळं सांग, काही लपवू नकोस. तिथं तुझं रक्त रीतसर तपासतील, माझ्यासारखं चोरून नाही. चिगुसाचं मला विचारू नकोस. निम्मं-निम्मं आहे.

मी राजीनामा दिलाय. इथं सगळ्यांना वाटतंय, घरची अडचण आहे. महिनाअखेरीस खोली सोडतो. दुसऱ्या गावी एक काम बघितलंय, काचेच्या भट्टीवर, जिथं मी काय मोजतो यावर कोणाचा जीव अवलंबून नाही. माझा शोध घेऊ नकोस. तू बरी हो. तुझ्यासमोर येऊन बसायला माझ्याकडे तोंड नाही.

तुझा अपराधी,
तेत्सुरो

---

कामिसावा,
२८ जानेवारी १९९९

प्रयोगशाळेत जो कोणी हे पत्र उघडेल त्यांस,

सा. न. वि. वि. मी कोइके सुमिए. तुमच्याकडे दहा वर्षं काम करणाऱ्या मोमोसे तेत्सुरोची धाकटी बहीण. अनोळखी माणसाला एवढं मोठं पत्र लिहितेय, माफ करा. माझं शिक्षण फार नाही, कुठं उद्धट वाटलं तर तेही पोटात घाला.

दादाच्या खोलीवर पाठवलेलं माझं पत्र परत आलं. म्हणून मी तुमच्या ऑफिसात तीनदा फोन केला. तिन्ही वेळा एक बाई बोलल्या, फार गोड बोलल्या. म्हणाल्या, की मोमोसेसान काम सोडून गेले, नवा नंबर त्यांनी ऑफिसला दिलाय, पण कोणाचा खासगी नंबर फोनवर द्यायचा नाही असा नियम आहे, बहीण असल्याचं फोनवरून कसं कळणार? तिसऱ्या वेळी त्या स्वतःच रडकुंडीला आल्या, मीच त्यांची समजूत घातली. नियम बरोबर आहे. मी नंबर मागत नाही. म्हणून हे पत्र.

कशासाठी ते सांगते, म्हणजे तुम्हाला वाटणार नाही, की घरचं भांडण आहे.

आमचे बाबा एका आजारानं गेले. तोच मला आहे. नव्या वर्षात मोठ्या इस्पितळात तपासून घेतलं, पक्कं आहे. डॉक्टर तरुण आहेत, माझ्याच वयाचे. त्यांनी चित्र काढून सांगितलं, की हे प्रोटीन यकृतात बनतं, यकृत बदललं तर बनायचं थांबतं, पायातलं गेलेलं परत येईल असं नाही पण पुढं जाणार नाही. बाबांच्या वेळी हे नव्हतं. मात्र हे मी चालतेय, जेवतेय, तोवरच करायला हवं. वर्ष काढलं तर उशीर होईल. आपल्याकडे मेलेल्या माणसाचं यकृत मिळेल म्हणून बसून राहण्यात अर्थ नाही, जिवंत नातेवाइकाचा तुकडा लागतो. नवऱ्यानं सर्वांत आधी बाही वर केली, पण त्याचा रक्तगट जुळत नाही. आई गेली. उरला दादा. त्याचा गट माझाच आहे, लहानपणी दोघांना एकदमच टोचून बघितलं होतं. आणि तो साफ आहे, हे त्यानं स्वतःच तुमच्याच चुंबकात तीनदा बघितलंय.

डॉक्टर म्हणाले, की देणाऱ्यानं आपल्या मनानं द्यायला हवं, कोणी गळ घातली असं दिसलं तर ते कापणारच नाहीत. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, यकृताचं त्याला काही बोलू नका. ते मागायचंच झालं तर मी मागेन, माझ्या तोंडानं. मला ते मागायचा हक्क आहे की नाही, हेच मला अजून ठरवता आलेलं नाही. माझ्या हातून त्याच्या-माझ्या रक्ताच्या नळ्यांची टोपणं बदलली, त्यापायी त्याचं लग्न मोडलं, आणि कळल्यावरही मी ते लपवलं. पाच वर्षं तो रोज सकाळी स्वतःला टाचणी टोचत राहिला, आणि मी इकडे लोणची भरत होते. अशा माणसाकडे जाऊन म्हणायचं, की आता पोट फाडून दे? तो नाही म्हणाला तरी मी त्याला वाईट म्हणणार नाही. पण नाही हे त्यानं म्हणावं. न विचारता मी मेले, आणि नंतर त्याला कोणाकडून कळलं, तर तो काय करेल ते मला ठाऊक आहे. तो तसाच आहे. कोणी मारलं नाही तर स्वतःला मारून घेणारा.

घरी सगळं सांगितलं. हिदेआकि रात्रभर बाहेर गाडीत बसून राहिला, सकाळी आत येऊन भात मागितला, म्हणजे ते झालं. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. मला वाटलं, आता बॅग भरायला सांगतात. तिसऱ्या दिवशी बाजारातून आल्या आणि टबात एक लाल मासा टाकला, प्लास्टिकचा, पोटात थर्मामीटर असलेला. म्हणाल्या, की यापुढं पाण्याला पाय लावायचा नाही, माशाला विचारायचं. आणि हृदय, हृदय म्हणून त्यांना पाच वर्षं बनवलं ते त्या मेल्यावरही विसरणार नाहीत. मग चिगुसाला घेऊन स्वतःच आंघोळीला गेल्या.

चिगुसा माझी मुलगी, वर्षाची झाली. तिच्यात ते आहे का, हे ती मोठी होऊन विचारेपर्यंत बघायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. तिचे पाय बरे झाले. गेल्या गुरुवारी तिनं चार पावलं टाकली, मी मोजली. टाचा जमिनीवर आपटत चालते. आवाज येतो. तो आवाज मी दिवसभर ऐकते.

मला दादाला जे सांगायचंय ते तुम्हाला सांगून काय उपयोग, पण लिहिल्यावाचून राहवत नाही. त्या दिवशी टोपणं बरोबर लागली असती, तर मला बाविसाव्या वर्षी खरं कळलं असतं. मी लग्न केलं नसतं. तसं आम्ही दोघांनी आधीच ठरवलं होतं, ज्याच्यात निघेल त्यानं एकटं राहायचं. मग ही मुलगी नसती. मी रोज त्या चुकीला शिव्या देते, आणि मग ही उठून उभी राहते, आणि मला कळत नाही, की शिवी कोणाला देतेय. दादाला वाटतं, त्यानं माझं वाटोळं केलं. मला वाटतं, मी त्याचं केलं. दोन्ही खरं असेल. पण तिकडे काचेच्या भट्टीवर एकट्यानं बसून त्याला यातलं अर्धंच दिसणार.

तुम्ही त्याच्याबरोबर काम केलं असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, तो पत्र आलं की आधी कोपरा फाडून ठेवतो आणि दोन दोन दिवस वाचत नाही. म्हणून पत्र पुढं पाठवू नका. त्याला माझं लिहिलेलं नको, माणसाचा आवाज हवा. तो फोन घेईल. समोरून कोणी ऑफिसातलं बोलतंय म्हटल्यावर तो नक्की घेतो, मोठ्या माणसांना ताटकळत ठेवायला त्याला जमत नाही. तो काही बोलणार नाही, हं हं करेल. तुम्ही घाबरू नका, बोलत राहा. त्याला सांगा, सुमी रागावलेली नाही. सांगा, की ती सगळं खरं सांगून मोकळी झालीय आणि घरातून कोणी तिला हाकललं नाही. सांगा, की तिला एक गोष्ट विचारायची आहे, आणि उत्तर काहीही असलं तरी चालेल.

मी तुमची कोण, आणि तुम्ही माझे कोण. तरीही माया ठेवा आणि एवढं करा. आजच्या आज, हे पत्र टेबलावर ठेवायच्या आधी, माझ्या भावाला फोन करा.

आपली नम्र,
कोइके सुमिए